मडक्याला बांधलेला दुपट्टा

७ एप्रिल, सोमवार

पोहोचलो एकदाचा. बार्शीटाकळीहून अकोला, अकोल्याहून अमरावती, अमरावतीहून मोर्शी, आणि तिथून मालकाच्या गाडीवर मागे बसून थेट बागेत. अंगाची पार चटणी झाली, पण मन खूश आहे. मोर्शीच्या अलीकडूनच दोन्ही अंगाला संत्र्याच्या बागा लागल्या. कपाशीचं वावर दिसलं नाही. मी मुद्दाम खिडकीला नाक लावून पाहत आलो. म्हटलं कुंदन, बराबर जागी आला तू.

मालकाचं नाव वामनराव. मिशी पांढरी, जीभ तिखट. गाडीवर बसतानाच म्हणाले, अकोल्याचं पोट्टं म्हणजे उन्हात भाजून निघालेलं, इथं सर्दी नको होऊ देऊ बाप्पा. त्यांच्या घरवाली माणिकबाई. त्यांना मी काकू म्हणायचं ठरवलं. जेवला का असं त्यांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत ताट पुढं सरकवलं. आलूवांग्याची भाजी, भाकर, कांदा. मी कमी घेतलं तर म्हणाल्या, लाजू नको, लाजणारा उपाशी झोपते. त्या दोघांना लेकरू नाही. घरात बोलायला माणूस आलं याचाच त्यांना आनंद दिसला.

मला पाण्याच्या मोटारीजवळची खोली दिली. खाट आहे, पंखा आहे. काकूंनी गादी दिली, यंदाच भरून घेतलेली, फुगलेली. मी हो हो म्हणून घेतली आणि त्या गेल्यावर गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. कापसाची आहे. पोतं अंथरून झोपीन.

हे लिहायला मला रूपाली मॅडमनं सांगितलं. रोज थोडं, जसं बोलता तसं. पण माझा हात शाळेतला आहे आणि तोंड गावचं. शाळा सातवीत सुटली आणि तोंड ‘मले’ म्हणते, तरी हात अजून ‘मला’च लिहितो.

१० एप्रिल, गुरुवार

आज मॅडमचा व्हिडिओ कॉल होता. त्या अमरावतीत असतात. मी त्यांना फोनच्या काचेतच पाहिलं आहे. अकोल्याच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या कारखान्यात, ते झाल्यावर एका संस्थेचे लोक आले होते, त्यांनी हा नंबर दिला. फुकट आहे. दर गुरुवारी दुपारी. रेंज फक्त नव्या वाडीच्या बांधावर येते, म्हणून मालक जेवून आडवे झाले की मी तिथं जाऊन बसतो. कोणाला सांगितलं नाही. डोक्याच्या डॉक्टरशी बोलतो म्हटलं तर लोक काय समजतील ते मला माहीत आहे.

मॅडम आधी विचारतात, आज यावर बोललं तर चालेल का. नको वाटलं तर थांबू. बापानं, मास्तरनं, मुकादमानं, मला कधी कोणी असं विचारलं नव्हतं.

आज मी सांगितलं. कापसाची गंजी होती, दोन मजली घराएवढा ढीग. बुडाशी मी आणि माझ्या जोडीला कामाला असलेला कुलदीप, कापूस ओढणाऱ्या पाइपाकडे लोटत होतो. वरून गंजी घसरली. सगळं पांढरं झालं. तोंडात, नाकात, डोळ्यांत पांढरं. त्यात कुलदीपचा हात माझ्या डाव्या घोट्याला. घट्ट. मला आधी काढलं, त्याला नंतर. तो गेला होता. पण हात गेला नाही. डोळा लागला की घोटा आवळला जातो आणि मी उठतो तेव्हा पँट ओली असते. तेवीस वर्षांचा माणूस. कोणी उठायच्या आधी पँट धुऊन टाकतो. हॉटेल सोडलं, गॅरेज सोडलं, सुरत सोडली, सगळं त्याच्यापायी. कोणी पाहायच्या आत दुसरं गाव.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही तुमची लाज नाही, तुमचं शरीर तुम्हाला वाचवायला अजून जागं आहे. मग त्यांनी शिकवलं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे. जमीन मला धरून आहे, असं म्हणायचं. आजूबाजूच्या वस्तूंची नावं घ्यायची. मी घेतली. बांध. नळी. टोपलं. मालकाची चप्पल. छातीतलं जरा उतरलं खरं.

१३ एप्रिल, रविवार

काम जमून राहिलं. मोठ्या झाडांना आता पाणी बंद. मी म्हटलं झाडं मरतील, पानं कशी वळली पाहा. मालक म्हणाले, त्याले तहान लागू दे, तहानल्याशिवाय संत्रा फुलत नाही, तुह्या अकोल्यात शिकवत नाहीत का हे?

नव्या वाडीतल्या लहान कलमांना मात्र पाणी रोज. प्रत्येक कलमाशेजारी एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, वर मातीच्या परळाचं झाकण. सकाळी मडकी भरायची, दिवसभर ती पाझरतात, मुळं हळूहळू पितात. काकू आणि मी दोघं भरतो. काकूंच्या पायात चांदीच्या जुन्या तोरड्या, त्या चालल्या की वाडीच्या या टोकाला कळते.

आज त्यांनी विचारलं, गादी रुतते का रे तुले, गुंडाळूनच असते. मी म्हटलं, सवय नाही. खोटं बोललो की माझे कान तापतात.

१७ एप्रिल, गुरुवार

मॅडमनं आज नवीन शिकवलं. म्हणाल्या, जे सहन होत नाही ते सगळा वेळ अंगावर घेऊन फिरू नका. मनात एक भांडं घ्या. पेटी, डबा, कोठी, काहीही, घट्ट झाकणाचं. त्यात ते ठेवा, झाकण लावा. फेकायचं नाही, फक्त ठेवायचं. तयारी झाली की तुम्हीच काढाल.

मी डोळे मिटले. मनात मला काही करता येत नाही. मी हाताचा माणूस. कॉल संपल्यावर समोर पाहिलं तर मडकीच मडकी.

वाडीच्या पार कोपऱ्यात एक कलम मेलेलं आहे. तिथलं मडकं कोणी भरत नाही. मी झाकण काढलं, तोंड मडक्याला लावलं आणि सगळं बोललो. गंजी, पांढरं, हात. मग गावाकडची पद्धत आठवली. अपघातानंतर माय मला एका जाणत्याकडे न्यायला निघाली होती, तो मागे लागलेल्याला असंच मडक्यात बांधून देते म्हणे, फक्त त्याचं नाव घ्यावं लागते. तेव्हा मीच हसलो होतो मायवर. आज नाव घेतलं. कुलदीप, तू इथं राह्य. झाकण ठेवलं, माझा निळा दुपट्टा वरून आवळून बांधला, आणि मागं न पाहता निघालो.

माय म्हणायची, बांधलं की वर खूण ठेवावी. लाल चिंधी, कुंकू, काहीतरी, की परका हात लागू नये. मी खूण ठेवली नाही. मालकांनी पाहिलं असतं तर काय सांगितलं असतं? मला लाज वाटली.

१९ एप्रिल, शनिवार

झोपलो. सकाळपर्यंत. पँट कोरडी.

विश्वास बसेना म्हणून आज दुपारी पुन्हा झोपून पाहिलं. घोट्याला काही नाही. कोपऱ्यातली गादी खाटेवर टाकली आणि तिच्यावर पसरलो. मऊ लागली. चांगली लागली.

२४ एप्रिल, गुरुवार

मॅडम म्हणाल्या, तुमचा चेहरा बदलला. किती दिवसांनी त्यांच्यासमोर हसलो. भांडं वापरता का, असं विचारलं, मी म्हटलं रोज. कोणतं घेतलं, ते सांगितलं नाही. अडाणी म्हणतील.

मालकांनाही फरक दिसला. म्हणाले, पोट्टं जेवायला लागलं, आता कणीक पुरायची नाही. काकूंनी वर आणखी एक पोळी टाकली आणि त्यांना म्हणाल्या, तुमच्या पोटाले लागून नाही राहिली ना, खाऊ द्या त्याले.

इथंच राहावं वाटते. पहिल्यांदा एका गावात राहावं वाटते.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी काकू दुपट्टा घेऊन खोलीवर आल्या. धुतलेला, वाळवलेला, चौघडी केलेला. माझा निळा.

एक मडकं तडकलं होतं म्हणून मेलेल्या कलमापाशी होतं ते त्यांनी उपटून आणलं. तडा नाही ना पाहायला कान लावून, टिचकी मारून ऐकलं, बराबर वाजलं, आणि दुसऱ्या कलमाशी पुरलं. हसत होत्या. म्हणाल्या, मडक्याले काहून टोपी घातली होती रे?

मी म्हटलं, पाली जातात आत.

त्यांनी कान लावला. तिथंच सांगायला पाहिजे होतं. दुपट्टा हातात घेऊन उभा राहिलो, आणि त्या चहा ठेवायला गेल्या.

१ मे, गुरुवार

काकू डावा पाय ओढून चालतात. मालक म्हणाले, वय झालं म्हातारीचं. त्या म्हणाल्या, तुमच्याहून लहान आहो, जिभेनं चालता म्हणून तुमचे पाय शाबूत. सगळे हसले. मीही हसलो.

डाव्या पायातली तोरडी त्यांनी काढून ठेवली आहे. आवळते म्हणे.

मी चांगला झोपतो.

मॅडमना म्हटलं, सगळं ठीक. त्या म्हणाल्या, शाबास.

४ मे, रविवार

भाकरी थापता थापता काकूंना ठसका लागला. तोंडाला पदर लावला. पदर बाजूला केला तर त्यावर पांढरं काहीतरी. त्यांनी बोटात धरून पाहिलं, मला दाखवलं, कापूस कुठून आला म्हणाल्या. इथं तर कापूस नाही.

मी म्हटलं गादीचा असेल.

माझ्या तोंडून किती लवकर निघालं ते.

६ मे, मंगळवार

आज मडकी भरायला काकूंनी मला हाक मारली नाही. मी वाडीत गेलो तर त्या तिथंच होत्या. कलमांच्या मधात, पालथ्या, तोंड मातीत, ऐन उन्हात. हाक मारली तर हालल्या नाहीत. मला वाटलं संपलं. खांदा धरला तेव्हा मातीतूनच बोलल्या. हलक्या आवाजात, जसं शेजारी कोणी निजलं आहे.

हालू नको, भाऊ.

हे मी कोणाला सांगितलं नाही. मॅडमना नाही, मायला नाही, पोलिसांनाही नाही. पांढऱ्याच्या आत कुलदीप हेच म्हणत होता. हाललं की गंजी आणखी घसरते, म्हणून. आवाज थांबला तोवर म्हणत होता.

काकू मला पोट्टा म्हणतात. बाबू म्हणतात. भाऊ कधीच म्हणत नाहीत.

८ मे, गुरुवार

मालक त्यांना अमरावतीला घेऊन गेले होते. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. काही नाही म्हणाले. थकवा. गोळ्या.

मॅडमना अर्धंच सांगितलं. इथं एक बाई आहे, तिला माझ्यासारखं झालं. मॅडम म्हणाल्या, डॉक्टर सोडू नका, आणि त्यांची इच्छा असेल तर मी बोलेन. तोवर पाय टेकवायचं शिकवा. मग म्हणाल्या, कुंदन, तुम्ही काही सांगायचं ठेवलं आहे का? सांगितलंच पाहिजे असं नाही.

मी म्हटलं नाही.

संध्याकाळी ओसरीवर काकूंना शिकवलं. दोन्ही पाय खाली टेकवा. म्हणा, जमीन मला धरून आहे.

त्यांनी पायाकडे पाहिलं. म्हणाल्या, जमीन नाही रे बाबू. हात आहे.

लुगडं जरा वर केलं. घोट्यावर चार बोटं एका अंगानं, अंगठा दुसऱ्या. निळे.

तरी सांगितलं नाही. सांगितलं तर ते परत माझ्याकडे येईल. मी चांगला झोपून राहिलो ना.

११ मे, रविवार

काकू श्वास घेत नाहीत. म्हणजे घेतात, मग थांबतात. ओठ काळे पडले की मालक गालावर मारतात, मग एक घेतात. मालक विचारतात, काहून थांबते व तू, घे ना. त्या म्हणतात, तो म्हणते छाती हालते. छाती हालली की वरचं घसरते.

मालकांची जीभ गेली आहे. एक टोमणा नाही. उद्या-परवा नागपूरला नेतो म्हणतात. बायकोचा हात धरून बसतात, आणि मी दारात उभा असलो की मलाच म्हणतात, तू जेवून घे रे.

मायले फोन लावला. सगळं सांगितलं. माय आधी रडली. मग म्हणाली, खूण काहून नाही ठेवली मेल्या. मी म्हटलं, लाज वाटली. ती म्हणाली, आता चारचौघांत लाज सोड. ज्यानं बांधलं त्यानंच मागावं. तोच दुपट्टा पसरून, नाव घेऊन. दुसऱ्याच्यानं होत नाही. लवकर कर.

१२ मे, सोमवार

केलं नाही.

दोनदा ओसरीपर्यंत गेलो. दुपट्टा कमरेला होता.

गादीवर येऊन पडलो. झोप लागली. झोप लागलीच कशी मला.

१३ मे, मंगळवार

गाडी आली होती नागपूरसाठी. शेजारपाजारची माणसं जमली. काकूंना खाटेसकट उचलायचं होतं. ओठ काळे. मालक गालावर मारून राहिले आणि त्या घेत नव्हत्या.

मी मधात शिरलो. गुडघ्यावर बसलो. दुपट्टा पसरला, भिकारी पसरते तसा. सगळ्यांसमोर बोललो. मडकं, नाव, ओली पँट, सगळं. बाया तोंडाले पदर लावून पाहत होत्या. मालकांनी माझ्या कानाखाली मारली. बराबर मारली. दुसरी मारायला हात उचलला, तेव्हा मी म्हटलं, कुलदीप, माहा आहे तू. माह्याकडे ये.

काकूंनी श्वास घेतला. एवढा मोठा, बुडणारा माणूस वर येऊन घेते तसा. मग दुसरा. मग खोकल्या आणि पाणी मागितलं.

दुपट्टा माह्या हातात जड झाला.

१४ मे, बुधवार

काकू उठल्या. चालल्या. तोरडी घातली, वाजून राहिली. मले खोलीवर चहा आणून दिला. म्हणाल्या, आधी सांगतलं असतं तर दोघं मिळून काढलं असतं रे. मले वर पाहता आलं नाही.

मालक दारातूनच बोलले. उद्या दुपारच्या गाडीनं जाय. आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं.

घोट्याले आहे. आता झोपेतच नाही. जागेपणी बी.

१५ मे, गुरुवार

पिशवी भरली. बांधावर येऊन बसलो. गुरुवार आहे, मॅडमचा फोन येईल. आज सगळं सांगतो. मडक्याचं, काकूचं, मालकाच्या थापडीचं. त्या म्हणतात लाज नाही म्हणून, तर पाहू लाज नाही का—

कुलदीप उतरून खाली बस म्हणते. कलमांच्या मधात.

बसलो.

पाय टेकवले. बांध. नळी. टोपलं. टोपल्याच्या पुढचं दिसत नाही. पांढरं आहे. ऊन असेल. ऊनच—

पोटरीपर्यंत आला हात. दुसरा बी आहे. दोन्ही हातांनं धरते आता, जसं लेकरू धरते. ओढत नाही. धरूनच राहते. वाचवते म्हणते मले. तेव्हा बी वाचवतच होता म्हणते.

हालू नको, भाऊ.

तोंडात आलं. थुंकलं तर आणखी—

फोन वाजून राहिला. मॅडम. जवळच आहे, पिशवीवर, हात लांबवला की—

हात नको हालवू म्हणते. वरचं घसरते.

वाजून राहिला.

पेन बी हालते म्हणते. पेन बी न—